नकाशाबाहेरच्या विहिरी

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला, "नोकरीतले गमतीदार अनुभव लिहा." कोळसा खाणीतल्या सर्वेअरला गमतीदार अनुभव येतात, असं त्यांना कोणी सांगितलं देव जाणे. देव मी मानत नाही, तेव्हा त्यालाही विचारायची सोय नाही.

गमती अगदीच नव्हत्या असं नाही. चंद्रपूरच्या आसपासच्या खेड्यांत मी तिपाईवर दुर्बीण लावून उभा राहिलो की लोक धुऱ्याची, म्हणजे शेताच्या बांधाची, भांडणं घेऊन यायचे. "साहेब, याचा धुरा माह्या वावरात किती घुसला थे पाहून द्या जी." एका म्हाताऱ्याने तर दोन दिवसांपासून हरवलेली बकरी दुर्बिणीतून शोधून मागितली. त्याला घालवून द्यायचं म्हणून मी दुर्बीण फिरवली, तर ती बया खरंच समोरच्या टेकडीवर चरत होती. त्या गावात पुढे चहाचे पैसे माझ्याकडून कोणी घेतले नाहीत.

पण लिहायला बसलो की हात बकरीकडे जात नाही. तो कपाटातल्या एका जुन्या ट्रेसिंग कापडाकडे जातो. त्यावर पेन्सिलीने पोलंडमधलं एक गाव काढलेलं आहे. ते गाव मी पाहिलेलं नाही. त्याचं नाव मला शेवटपर्यंत नीट उच्चारता आलं नाही. पण आज मला तिथे नेऊन सोडलं तर चौकातून स्टेशनावर, स्टेशनावरून शाळेवर मी कोणालाही न विचारता जाईन. न विचारता. हाच शब्द मला नडला, तेव्हा तो आधीच सांगून ठेवतो.

आधी आमचा धंदा सांगतो. जमिनीखाली सूर्य नसतो, झाड नसतं, डोंगर नसतो. टोपीवरच्या दिव्याचा उजेड पडेल तेवढंच जग. अशा ठिकाणी आपण कुठे आहोत आणि समोरच्या भिंतीपलीकडे काय आहे, हे फक्त नकाशा सांगतो. आम्ही छतात खुंट्या ठोकतो, त्यांना ओळंबा टांगतो, दुर्बिणीने कोन घेतो, फितीने अंतर घेतो आणि महिनाभरात किती कोळसा निघाला ते वर येऊन कापडावर चढवतो. मॅनेजरपासून कोळशाचे टब ढकलणाऱ्यापर्यंत सगळे माझ्या रेघांवर चालायचे. धंद्यातला पहिला धडा असा, की मोजलं तेवढंच काढायचं, ऐकीव काही काढायचं नाही. मला तो फार आवडला होता. माझे वडील चिमूरकडचे. छपन्न साली दीक्षा घेतली, घरातले देव उचलून बाहेर ठेवले आणि आम्हा भावंडांना सांगितलं, जे पटेल आणि तपासता येईल तेच खरं. मी त्या घरातला. पुढे हातात दुर्बीण आली. मग काय विचारता, आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला आमच्या भागातल्या खाणींत पोलंडचे तज्ज्ञ येऊ लागले. जाड थराचा कोळसा कसा काढावा, रिकाम्या झालेल्या जागेत वाळू कशी भरावी, हे दाखवायला. आमच्या खाणीत आले ते साठीला टेकलेले, गुडघ्यांनी अधू, आणि माझ्यासारखेच सर्वेअर. नाव यान. सगळे यानसाहेब म्हणायचे. त्यांचं इंग्रजी मोडकं, माझंही मोडकं, त्यामुळे आमचं छान जमलं. आमच्या बोलीतला पहिला शब्द ते शिकले तो 'काऊन', म्हणजे 'का'. तो त्यांना इतका आवडला की कुठेही, कोणालाही, बोट दाखवून विचारायचे, "काऊन?" छताला टेकू तिरपा काऊन? पंप बंद काऊन? मजूर हसायचे. मॅनेजर हसत नसत.

एकदा त्यांना वरची जमीन दाखवायला घेऊन गेलो. बरोबर लक्ष्मणभाऊ होता. लक्ष्मणभाऊ आमच्या पाच नंबरच्या भागाचा सिरदार. सिरदार म्हणजे टोळीचा रक्षक. छत ठोकून पाहणं, वायू तपासणं त्याचं काम. आत जाताना सर्वांत पुढे आणि बाहेर येताना सर्वांत मागे तो असतो. माणूस उंचापुरा, बोलायला कमी. खाणीशेजारच्याच गावचा, गोंड घरातला. नाल्याकाठच्या पायवाटेवर गोट्यांचा एक मोठा ढीग होता. लक्ष्मणभाऊने चालता चालता खाली वाकून एक गोटा उचलला आणि ढिगावर टाकला.

"काऊन?" यानसाहेब थांबले.

झाडीपट्टीत अशा ढिगाचा अर्थ शेंबडं पोरही सांगेल. वाघाने जिथे माणूस मारला तिथे जाणारा-येणारा गोटा टाकतो. मी तो अर्थ सांगितला आणि मला अंधश्रद्धा मान्य नाहीत, मी गोटा टाकत नाही, हेही न विचारता सांगितलं.

लक्ष्मणभाऊ म्हणाला, "माह्या बापाले नेला जी वाघानं इथूनच. मी आंगावर पेत होतो तवा. मायनं सांगतलं."

यानसाहेबांनी ढिगाकडे पाहिलं, मग खाली नाल्याकडे. पावसाळ्यात पाण्याने काठ कापला होता आणि कापलेल्या मातीत कोळशाचा काळा पट्टा उघडा पडला होता. "वाघ कुठेही मारतो," ते म्हणाले. "ढीग बरोबर कोळशाच्या तोंडाशी काऊन?"

"वाघाला कोळशातलं काय कळतं साहेब," मी म्हणालो आणि स्वतःच हसलो.

त्याच संध्याकाळी त्यांनी मला गेस्ट हाऊसवर बोलावलं. व्हरांड्यात टेबलावर ट्रेसिंग कापड पसरलं, पेन्सिलीला टोक केलं आणि स्वतःचं गाव काढायला घेतलं. असं दहा-बारा संध्याकाळी चाललं. रोज थोडं गाव निघायचं, थोडी गोष्ट. ते बोलताना पेन्सिल उचलायचे नाहीत, त्यामुळे काही रस्ते गरजेपेक्षा जाड झाले आहेत.

पहिल्या महायुद्धाआधी त्यांच्या देशाचं नावच नकाशावर नव्हतं. गावावर जर्मन राजाचा अंमल. त्यांचे वडील खाणीत टब मोजायचे ते जर्मन भाषेत, आणि देवाची प्रार्थना करायचे पोलिशमध्ये. राजाच्या फौजेतून लढायला गेले, फुप्फुस बिघडवून घरी आले, तोवर तो राजाच गेला होता. मग मतदान झालं, हा मुलूख कोणाचा म्हणून. शेजारी शेजाऱ्याकडे बघेनासा झाला. मग बंडं झाली, मारामाऱ्या झाल्या, आणि शेवटी लांबच्या कुठल्या शहरात बसलेल्या साहेबांनी नकाशावर रेघ ओढली. "ती रेघ ओढणारा माणूस खाली उतरलाच नव्हता," यानसाहेब म्हणाले आणि कापडावर तीच रेघ अशी ओढली की टोक मोडलं. गाव पोलंडमध्ये आलं, मागचा डोंगर जर्मनीत राहिला. खाणीचं तोंड इकडे, हवा आत सोडायची विहीर तिकडे. मावशीला भेटायला ओळखपत्र लागू लागलं. पण कोळशाच्या थराला रेघ कुठली कळणार? तो आपला खालून सरळ तिकडे गेलेला. शेवटी खाली, भुयारातसुद्धा, लोखंडी जाळीचं दार बसवलं.

पहिली काही वर्षं मात्र जत्रेसारखी गेली. चौकात वाजंत्री, निशाण, पोलिश भाषेची नवी शाळा, नगरपालिकेच्या मनोऱ्यावर घड्याळ. चौकात तीन भाषा चालायच्या. कोपऱ्यावर एक ज्यू शिंपी होता. वडिलांचा लग्नातला कोट त्याने उलटा करून यानसाहेबांना पहिल्या दिवशी शाळेत घालायला शिवून दिला. त्या दुकानाचा चौकोन कापडावर आहे. त्यात त्यांनी एक बारीक सुई काढली आहे.

मग जगभर मंदी आली. मॅनेजरने खाणीच्या फाटकाला कुलूप लावलं. धुराडं थंड पडलं आणि गावाला पहिल्यांदा स्वच्छ आभाळ दिसलं. "आम्ही मुलं खूश झालो," ते म्हणाले. "आई रडत होती." कोळशावर बसलेल्या गावात चूल पेटवायला कोळसा नाही. तेव्हा बेकार खाणकामगारांनी शेतांत, परसांत, टेकडीच्या उतारावर स्वतःच विहिरी खणल्या. माणूस मावेल एवढं भोक, दोन-तीन पुरुष खोल, आणि तळाशी थराच्या मागोमाग उंदरासारखं आत शिरायचं. वर सायकलचं चाक उलटं बसवून त्यावर दोर. बायका चाक फिरवायच्या. त्याला लोक गरिबांच्या विहिरी म्हणायचे. निघालेला कोळसा मुलांच्या बाबागाडीत घालून शहरात विकायचा. पोलीस यायचे, सुरुंग लावून विहिरी उडवायचे. दुसऱ्या दिवशी लोक शेजारी नवी खणायचे. किती खचल्या, किती माणसं आत राहिली, हे कुठेच लिहिलेलं नाही, कारण जो धंदाच बेकायदा त्याचं दफ्तर कोण ठेवणार?

एके दिवशी वडील घरी आले नाहीत. आईने सांगितलं, ते फ्रान्सला गेले, तिथल्या खाणीत काम मिळालं. गावातले पुष्कळ लोक तसे गेलेच होते. यानसाहेबांनी वडिलांना फ्रान्सला पत्रं लिहिली. आई ती पेटीत टाकून येते म्हणायची आणि चुलीत टाकायची. उत्तर आलं नाही, तेव्हा त्यांनी वडिलांवर राग धरला. त्या रागातच दुसरं महायुद्ध आलं. जर्मन आले, घड्याळाखाली माणसं उभी करून मारली. शिंप्याचं सगळं घर नेलं, त्यांच्यातलं कोणी परत आलं नाही.

युद्धानंतर यानसाहेब सर्वेअर झाले. टेकडीच्या उतारावर कामगारांची नवी वसाहत व्हायची होती. त्याचा नकाशा त्यांनीच काढला. जमीन मोजली, जुनी दफ्तरं पाहिली, कुठे काही नाही. आई त्यांचा जेवणाचा डबा घेऊन जागेवर आली. एका दगडांच्या ढिगापाशी थांबली आणि म्हणाली, "इथे घर बांधू नकोस. इथे तुझे वडील आहेत." त्या दिवशी चाक तीच फिरवत होती. दोर एकदम हलका झाला, हे तिला हाताला कळलं होतं. पोलिसांच्या भीतीने शेजारणींनी रात्रीतून दगड रचले आणि फ्रान्स ठरवलं.

"त्यानंतर मी दफ्तर मिटलं आणि घरोघरी म्हाताऱ्या बायकांकडे गेलो," यानसाहेब म्हणाले. "पुरुषांना विचारू नकोस. पुरुष म्हणतो, छे, आमच्या गावात असं नव्हतं. बाईला विचार. रोज जेवण कुठे पोचवायचं होतं, ते बाई विसरत नाही."

कापडावरच्या त्या उतारावर त्यांनी बारीक वर्तुळं काढली. सगळ्या म्हाताऱ्यांनी दाखवलेल्या विहिरी. एका वर्तुळात फुली आहे.

ही एवढी गोष्ट मी ऐकली. डोळ्यांत पाणीही आलं. आणि तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हेच.

पाच नंबरच्या भागातलं काम आता नाल्याच्या अंगाला सरकत होतं. थर जिथे जमिनीजवळ येतो तिथे कोणी पूर्वी खणून ठेवलेलं असण्याचा धोका असतो. अशी जुनी पोकळी पाण्याने भरलेली असते, आणि मधली कोळशाची भिंत पातळ झाली की फुटते. त्यावर उपाय सोपा. समोर लांब भोकं पाडत पाडत पुढे जायचं. पाणी असेल तर भोकातून आधीच कळतं. पण त्यात काम रखडतं. यानसाहेब म्हणाले, भोकं पाडा, किंवा आधी नीट चौकशी करा. मॅनेजर मला म्हणाले, "रामटेके, गावात जाऊन चौकशी करा आणि लिहून द्या. काही असेल तर थांबू, नसेल तर विषय संपला." म्हणजे लक्ष्मणभाऊ धरून त्याच्या टोळीतली तेरा माणसं माझ्या एका कागदावर पुढे जाणार होती.

मी गेलो. सरपंचाला विचारलं, कोतवालाला विचारलं. "नाई जी, आमच्या गावात कोनी कोळसा काढलाच नाई." मग यानसाहेबांचं बोलणं आठवलं म्हणून लक्ष्मणभाऊच्या घरी गेलो. त्याची आई गिरजाबाई, गावातली बहुधा सर्वांत म्हातारी. दाराला काट्याची फांदी आडवी लावलेली. शेजारीण म्हणाली, "मारकंड्याले गेली जी जत्रेले. चार रोजानं येईन. काई काम होतं का?"

"त्या गोट्यांच्या ढिगाचं विचारायचं होतं," मी म्हणालो. "येतो मी परत."

परत गेलो नाही. चौथ्या दिवशी महिन्याचा नकाशा द्यायचा होता. पाचव्या दिवशी जीप नव्हती. सायकल होती, गावही फार लांब नव्हतं. पण मनात होतं की एका म्हातारीला वाघाची गोष्ट विचारायला सर्वेअरने दोनदा का जावं? ढीग वाघाचा आहे हे तिचा पोरगाच सांगत होता. सहाव्या दिवशी मी कागदावर लिहिलं, 'गावात चौकशी केली. जुने काम आढळले नाही.' खाली सही केली.

खाणीच्या तोंडाशी यानसाहेब भेटले. "म्हातारी भेटली?"

"भेटली," मी म्हणालो. "तिला काही ठाऊक नाही."

खोटं का बोललो, याचा मी पुढे खूप विचार केला. त्यांना वाईट वाटू नये म्हणून, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगत होतो. खरं म्हणजे मला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा खोटं सोपं होतं.

दोन-तीन आठवडे गेले. ऊन तापलं होतं. एका सकाळी लक्ष्मणभाऊ माझ्या खोलीच्या दारात आला. सिरदार सहसा सर्वेअरकडे येत नाही.

"साहेब, फेसले घाम येऊन राह्यला."

फेस म्हणजे जिथे कोळसा काढणं चालू असतं ती समोरची भिंत. मी नकाशा उघडला, पट्टी ठेवली. "नाल्याची ओल असेल, लक्ष्मणभाऊ."

"नाला तं कोरडा पडला जी. अना वास बी येऊन राह्यला, सडल्या अंड्यावानी."

आज हे लिहिताना मला ती पट्टी दिसते, पितळी, कडेला शाईचा डाग पडलेली. मी तिच्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं नाही. "नकाशात काही नाही," मी म्हणालो. "चालू द्या."

त्याने टोपी डोक्यावर चढवली. मग म्हणाला, "तुमी म्हनता तं चालू देतो."

दुपारच्या जेवणानंतर भिंत फुटली. आवाज वरपर्यंत आला नाही. वर आली ती माणसं. चिखलाने माखलेली, एकमेकांच्या खांद्याला धरून. लक्ष्मणभाऊने पाण्याची पहिली धार पाहताच सगळ्यांना चढाच्या बाजूला पिटाळलं होतं. दोघं जण बाजूच्या भुयारात सुरुंगाची भोकं मारत होते, मशीनच्या आवाजात त्यांना ओरडणं ऐकू गेलं नसतं. तो त्यांना आणायला मागे फिरला. ते दोघं दुसऱ्या वाटेने कधीच निघाले होते. खाणीच्या तोंडाशी हजेरी घेतली, तेव्हा बारा भरले. सर्वांत मागे यायचा तो आलाच नाही.

तीन दिवस पंप चालले. यानसाहेब अधू गुडघ्यांनी खाणीच्या तोंडाशीच बसून राहिले, मी त्यांच्या शेजारी. गिरजाबाई रोज यायची, समोरच्या झाडाखाली बसायची आणि संध्याकाळी उठून जायची. तिने कोणालाही काही विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी लक्ष्मणभाऊला वर आणलं. पाणी उपसल्यावर फुटलेल्या भिंतीपलीकडे हाताने खणलेलं जुनं भुयार दिसलं. ते नाल्याकडून आत आलेलं होतं आणि तोंड वरून गोट्यांनी बुजलेलं होतं.

बाहेरून अधिकारी आले, चौकशी झाली. माझा कागद त्यांनी पाहिला. जुन्या कामाची कुठेच नोंद नाही, सर्वेअरने गावात विचारपूसही केलेली आहे, सबब कोणाचा दोष नाही. मॅनेजरने माझी पाठ थोपटली. ती थाप अजून उतरलेली नाही.

यानसाहेबांची मुदत पावसाळ्याआधी संपली. निघताना त्यांनी ते ट्रेसिंग कापड गुंडाळी करून माझ्या हातात दिलं आणि खांद्यावर हात ठेवला. "तू विचारलंस," ते म्हणाले. "तिने सांगितलं नाही. माझ्या आईलाही कोणी विचारलं असतं तर तिने फ्रान्सच सांगितलं असतं. स्वतःला खाऊ नकोस." मी मान हलवली. कापडाच्या मागच्या बाजूला त्यांनी पत्ता लिहून दिला होता. एका खोट्यावर सांत्वन घेतलेल्या माणसाने पत्र कुठून लिहावं? लिहिलं नाही. ते आता हयात असणं शक्य नाही.

पुढच्या वर्षी मोहफुलं गळायच्या दिवसांत मला ते जुनं भुयार नकाशावर चढवायचं होतं. खालून काही भाग मोजला होता, पण पुढे छत खचलेलं. आता झाकायचं काही उरलं नव्हतं, म्हणून गाव बोलायला लागलं होतं. गिरजाबाईला ठाऊक असेल म्हणाले. तेरवीला मी गर्दीत मागे उभा राहून परतलो होतो. या वेळी पळवाट नव्हती.

ती अंगणात मोहफुलं वाळत घालत होती. मी समोर उकिडवा बसलो. तिने बाज दाखवली, मी बाजेवर बसलो नाही.

"बाई, ते भुयार आत किती होतं, काही आठवतं का?"

ती फुलं पसरत राहिली. मग म्हणाली, "काऊन नाई आठवन? रोज आंबील घेऊन जात होती मी. तोंडापासून वाकून तीन कोड्या पावलं. मंग डाव्या हाताले. तेथ मडकं ठेवाची जागा होती." कोडी म्हणजे वीस. मी वहीत लिहून घेतलं. पुढे कार्यालयात ते अंतर कापडावर मांडून पाहिलं. भिंत फुटली होती त्या जागेवर येऊन ते थांबलं.

"वाघाचं मीच सांगतलं साऱ्याइले," ती म्हणाली. "चोरीचा कोळसा होता ना बाप्पा. वीटभट्टीवाला नेत होता. पोलीस आले असते तं लेकराले घेऊन कुठी जाची मी? वाघानं नेला म्हटलं का कोनी इचारत नाई."

मला वाटलं, आता आपण सुटलो. यानसाहेब म्हणाले तसंच आहे. विचारलं असतं तरी तिने वाघच सांगितला असता. मी वही मिटली आणि उठायला लागलो.

गिरजाबाई फुलांवरून हात फिरवत होती. "मारकंड्याहून आली मी तं शेजारीन म्हने, खदानीचा सर्वेअर आला होता, गोट्याच्या ढिगाचं इचारत होता. लक्ष्मन तिकडच काम करून राह्यला हे मले मालूम होतं. त्याले कोन्या तोंडानं सांगू, वाघ खोटा होता म्हनून? म्हटलं, सर्वेअरलेच आता सांगून टाकाचं. जेल तं जेल. मोहा नुकता गळाले लागला होता. समद्या बाया पहाटे टोपले घेऊन जंगलात गेल्या. मी गेली नाई. दोन दिस दारात बसून राह्यली."

मी परत खाली बसलो.

"तू येतो म्हनलं होतं ना बापू," ती म्हणाली. "मंग आला काऊन नाई?"